दोन चिठ्ठ्या आणि टाइम मशीन

अहो, ऐकलंत का? जरा गडग्याजवळ या ना, तिकडून शेजारच्यांच्या पडवीत सगळं ऐकू जातं. मोहोरावर फवारणी चाललीय वाटतं? चालू दे, पाच मिनिटांनी मोहोर काही गळत नाही.

31 तारखेला त्या शेजारच्यांच्या खळ्यात सिनेमा झाला, हे तुम्हाला कळलंच असेल. मुंबईचा नातू प्रोजेक्टर घेऊन आलेला. चादर बांधली, खुर्च्या मांडल्या, आम्हालाही बोलावणं. पिक्चर कुठला, तर 'द टाइम मशीन', तो जॉर्ज पालचा, 1960 चा. वेल्सचं पुस्तक 1895 चं, पण पिक्चरमधली गोष्ट सुरू होते 31 डिसेंबर 1899 ला, म्हणून पोराने मुद्दाम तीच रात्र धरली. हौस हो!

मशीन म्हणजे काय सांगू, सलूनातली खुर्ची असते ना, तश्शी लाल गादीची, आणि मागे ही एवढी मोठी गरगरणारी तबकडी. तो रॉड टेलर दांडी पुढे ढकलतो आणि समोरच्या दुकानातल्या पुतळ्याचे झगे भराभर बदलायला लागतात. बाई तीच, वय नाही वाढत मेलीचं, झगे तेवढे आखूड होत जातात. वर्षं गेली हे त्यावरून ओळखायचं. मला तर तेच सगळ्यात आवडलं. मग 1917, मग 1940, दोन्हीकडे लढाई. 1966 मध्ये तर अणुबॉम्बच! तर आमचे भाऊजी मध्येच मोठ्याने, "सहासष्ट सालात मी चौथीत होतंय, बॉम्ब खंय पडलो?" आता पिक्चर काढला साठ साली, त्यांना काय ठाऊक पुढचं? पण भाऊजींना कोण समजावणार.

मग पोचतो तो थेट 802701 साली. आकडा बघा! तिथे सगळी गोरी गोरी पोरं, काम ना धंदा, बसून फळं खातात. त्यांच्यातली धाकटी जाऊ लगेच म्हणाली, "राखण कोण करतं? वानर नाहीत का? पेट्या कोण भरतं?" अहो, देवगडच्या बाईला तिथेच कळतं, काहीतरी काळंबेरं आहे. आणि निघालंच! जमिनीखाली ते मॉरलॉक, भोंगा वाजवतात, की ही पोरं मेंढरांसारखी आत चालती. फळं उगाच नव्हती मिळत...

हां, तर काय सांगत होते. मधे चहा झाला, तेव्हा मास्तरांचा चेहरा पडला तो किस्सा राहिला की! मास्तरांनी नेहमीचं सुरू केलं, हेलियम आपल्या विजयदुर्गात सापडला, किल्ल्यातल्या साहेबाच्या ओट्यांवरून लॉकयर नावाच्या शास्त्रज्ञाने 18 ऑगस्ट 1868 चं ग्रहण पाहिलं. तर तो नातू शांतपणे म्हणतो, "आजोबा, लॉकयर तेव्हा इंग्लंडातच होता. ग्रहण पाहिलं ते जान्सेन नावाच्या दुसऱ्या शास्त्रज्ञाने, तेही तिकडे गुंटूरला. लॉकयरने ऑक्टोबरात, ग्रहणाशिवायच, घरी बसून हेलियमची ती पिवळी रेघ पाहिली." वर आणखी, ज्या कॉलेजात हा वेल्स शिकला, त्याच कॉलेजात हा लॉकयर प्रोफेसर! मास्तरांचा कप तसाच हातात. मग हळूच म्हणाले, "म्हणजे ओट्यांवर बसला कोण?" खरं सांगते, वाईट वाटलं मला. मशीन मिळालं ना, तर मी तीच तारीख लावीन. कोण साहेब होता तो, बघून तरी येईन, मास्तरांसाठी.

आणि ह्या मशीनवरूनच सगळं पेटलं. पोर म्हणतं, प्रत्येकाने सांगायचं, कुठल्या वर्षी जाणार. भाऊजी म्हणाले शाळेत. कुणी म्हणालं लग्नाच्या आदल्या दिवशी, हसले सगळे. आणि थोरली जाऊ, पदर सावरत, एकदम, "मी वाटणीच्या दिवशी जाईन." संपलं! खळ्यात सामसूम. धाकटीचा चेहरा... वरची कलमं धाकटीकडे गेली ना, ती खाडीच्या बाजूची, पहिली पेटी निघते ती. थोरलीकडे सगळा कातळ.

धाकटीही कमी नाही हो. म्हणाली, "ताई, कितीदा गेलात तरी काय? चिठ्ठ्या टाकूनच झालेली वाटणी."

पोराने आपली बाजू सावरायला सांगितलं, की 2002 मध्ये वेल्सच्याच पणतूने पुन्हा हा पिक्चर काढला, सायमन वेल्सने. त्यात तो मनुष्य, होणारी बायको मेली म्हणून, तिला वाचवायला मागे जातो. चोरापासून वाचवतो, तर ती घोडागाडीखाली जाते. गेलेलं परत येत नाही. मूळ पुस्तकात ही बायको नाहीच म्हणे, त्यांनी घातली. माझ्या मते उगाच, पण त्या रात्री कामाला आली. थोरली जरा निवली.

तेवढ्यात कुणीतरी दोघींच्या सासूबाईंना, म्हणजे आजींना, विचारलं, तुम्ही कुठे जाल? खाटेवर वाती वळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माका मागे नको नि फुडे नको. माका हंयच रवांदे." सगळे 'वा वा' करायला लागले. समाधानी म्हातारी, अमुक आणि तमुक.

मीही मान डोलावली. मग घरी येऊन दिवा मालवला आणि एकदम उठून बसले. अहो, त्या वाटणीच्या चिठ्ठ्या लिहिल्या होत्या कुणी? आजींनीच ना! आणि उचलायला पहिला हात कुणाचा? धाकट्याचा, त्यांच्या लाडक्याचा. एक चिठ्ठी उघडली, दुसरी कुणी उघडूनच बघितली नाही, आजींनी ती चुलीत टाकली. मी तिथे होते, पाण्याचा तांब्या घेऊन.

मी काही म्हणत नाही हं. तुम्हीही म्हणू नका. पण मागे जायला नको म्हणाल्या त्या, लक्षात आलं का?