सहा डोळे आणि एक फणस

माझ्या गाडीला सहा डोळे आहेत. एक पुढच्या काचेवर, आरशाच्या पाठीमागे. एक समोरच्या जाळीत, दोन बाजूच्या आरशांच्या पोटाखाली, एक मागे नंबरप्लेटच्या वर. हे पाच रस्त्याकडे बघतात. सहावा माझ्याकडे बघतो. मी रस्त्याकडे बघतोय की नाही, यावर लक्ष ठेवायला त्याची नेमणूक आहे. शिवाय बंपरमागे रडार, आणि बंपरवर शर्टाच्या बटणाएवढे सेन्सर. एवढा बंदोबस्त असताना गाडी चालवायला माझी गरज काय, हे मी शोरूममध्येच विचारायला हवं होतं. पण तिथला मुलगा सगळं समजावून सांगत होता तेव्हा मी 'हो हो, माहितीये' अशी मान डोलवत होतो. विकत घ्यायच्या वस्तूबद्दल अज्ञान दाखवलं की किंमत वाढते, अशी माझी लहानपणापासूनची समजूत आहे.

जुन्या गाडीला इशारा देणारी यंत्रणा एकच होती, आमचा वॉचमन. 'येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या', मग धप्प, आणि मग 'बास!' इशारा एकच, पण कधी खोटा ठरला नाही.

नव्या गाडीचं तसं नाही. वेगाची टुणटुण मी समजू शकतो, तो सरकारी नियम आहे. १ जुलै २०१९ पासून देशातल्या प्रत्येक नव्या कारला तो लागू आहे. ताशी ८० किलोमीटर ओलांडले की अधूनमधून, १२० ओलांडले की अखंड. पण मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला कारला १०० ची मुभा आहे, म्हणजे कायदा तंतोतंत पाळतानाही गाडी मला टोकतच असते. आणि गाडी लावताना पडद्यावर ते वरून घेतल्यासारखं चित्र येतं, ते चार कॅमेऱ्यांचे तुकडे जोडून केलेलं असतं. त्यातली मधली गाडी मात्र कॅमेऱ्याला दिसणं शक्यच नाही. ती नुसती काढून ठेवलेली असते. म्हणून माझी गाडी चिखलाने कितीही माखली तरी पडद्यावर कायम धुतलेली दिसते. मी तिच्याकडे कौतुकाने बघत बसतो आणि बंपर कुंडीला लागतो.

खरी शोभा झाली ती मे महिन्यात. चिपळूणजवळच्या गावाहून आत्याला पुण्याला आणायचं होतं. आत्याबरोबर तिचं सामान, म्हणजे आंब्याच्या पेट्या, आमसुलं, कुळथाचं पीठ. डिकी भरली. आत्याचे गुडघे दुखतात म्हणून मागची सीट तिला, आणि उरलेला फणस माझ्या शेजारी. गाडी गेटाबाहेर पडली आणि कोकलायला लागली.

"मेल्या, फोन घे की," आत्या म्हणाली. "कुणाचा एवढा कळवळून येतोय?"

फोन नव्हता. शेजारच्या माणसाने पट्टा लावलेला नाही, अशी गाडीची तक्रार होती. सीटखालच्या सेन्सरला वजन कळतं. ते फणसाचं की माणसाचं, ते कळत नाही. मी उतरलो, वळसा घातला आणि भर रस्त्यात फणसाला पट्टा बांधला. समोरच्या ओटीवर दोन म्हातारे बसले होते. त्यांनी काही विचारलं नाही, हे जास्त लागलं.

पुढे मुंबई-गोवा महामार्ग. दहा वर्षांहून जास्त काळ ज्याचं चौपदरीकरण चालू आहे, त्या रस्त्यावर कॅमेऱ्याने कुठली पांढरी रेघ खरी मानावी? जुनी रेघ एकीकडे जाते, नवी दुसरीकडे, आणि वाहतूक वळवलेली असते ती तिसरीकडेच. मी वाहतुकीबरोबर गेलो की लेन सोडली म्हणून स्टिअरिंग हातात थरथरायचं. पुढच्या ट्रकच्या पाठीवर लाल गोलात ४० लिहिलेलं होतं. गाडीने ती रस्त्याची वेगमर्यादा समजून पडद्यावर छापली आणि ठणाणा सुरू केला. दर ठणाण्याला मागून "आता काय म्हणते?" मी सांगायला पडद्यावरचा मजकूर वाचू लागलो की सहावा डोळा ओरडायचा, 'समोर लक्ष द्या!' म्हणजे इशारा वाचला नाही तर एक गुन्हा, वाचला तर दुसरा.

माणगावच्या कोंडीत एक स्कूटर समोर घुसली. रोजचीच गोष्ट, पुण्यात अशा स्कूटरला आपण मनातल्या मनात जागा देऊनच निघतो. गाडीला ते संस्कार नाहीत. पडद्यावर तांबडी अक्षरं आली आणि तिने स्वतःच करकचून ब्रेक मारला. आत्याच्या मांडीवरचा आमसुलांचा डबा उघडला. फणस पट्ट्यात होता, त्याला काही झालं नाही. मागचा टेम्पोवाला इंचभर अंतरावर थांबला आणि खाली उतरून आला.

"काका, ब्रेक कशाला मारला?"

"मी नाही मारला, गाडीने मारला."

"मग तुम्ही काय करत होता?"

याला आजतागायत मला उत्तर सुचलेलं नाही.

पुढे चहाला थांबलो तेव्हा आत्याने निदान केलं : गाडीला दृष्ट लागली आहे. तिने पिशवीतून कुंकवाची डबी काढली, पाण्यात बोट बुडवलं आणि काचेच्या वरच्या कडेला, अगदी मधोमध, गाडीच्या कपाळावर ठसठशीत टिळा लावला. तो बरोबर पुढच्या कॅमेऱ्यावर बसला. गाडी सुरू केल्यावर पडद्यावर शांतपणे सूचना आली : पुढचा कॅमेरा झाकला गेला आहे, टकरीचा आणि लेनचा इशारा मिळणार नाही. ताम्हिणी घाटात आम्ही गप्पा मारत चढलो. जाड माहितीपुस्तक चाळून मला जे जमलं नव्हतं, ते आत्याने एका बोटात केलं. "बघ," ती म्हणाली, "उतरली."

दुसऱ्या दिवशी मी तो टिळा पुसला. आपोआप लागणाऱ्या ब्रेकने जीव वाचतात, त्याच्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते कुंडी, फणस आणि समोरचा मृत्यू या तिन्हींसाठी एकाच पट्टीत ओरडण्याशी. विमानांत याचा विचार फार पूर्वी झाला आहे. उड्डाणासाठी धावपट्टीवर ठरावीक वेग गाठला की किरकोळ इशारे कॉकपिटमध्ये मुद्दाम अडवून धरतात, त्या घटकेला वैमानिकाचं लक्ष भलतीकडे जाऊ नये म्हणून. शिकलेल्या वैमानिकाला ही सवलत, आणि मला, ज्याला शोरूममधल्या मुलाचं एक अक्षर कळलं नव्हतं, त्याला सगळंच ऐकवायचं.

कटकट कमी करायला मी सेटिंग उघडलं. तिथे आवाजाचे तीन पर्याय आहेत : जास्त, मध्यम आणि कमी. 'गप्प' हा पर्याय कंपनीने दिलेला नाही.