सेवाज्येष्ठतेनुसार अंगठा

२०२५च्या जुलैअखेरीस राज्य शासनानं परिपत्रक काढलं. कर्मचाऱ्यांनी समाजमाध्यमांवर कसं वागावं, याचं. शासनाच्या धोरणांवर टीका नको, खासगी आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवा, योजनेच्या यशाबद्दल लिहा पण स्वतःची स्तुती टाळा. न पाळल्यास १९७९च्या वर्तणूक नियमांखाली शिस्तभंगाची कारवाई. आमच्या तहसील कचेरीत हे परिपत्रक अर्थातच व्हॉट्सअ‍ॅपवर आलं आणि त्याखाली पहिलीच प्रतिक्रिया पडली, 'अभिनंदन साहेब!'

स्वतःच्या स्तुतीची तशी आमच्याकडे कुणाला गरज नसते. ते काम हाताखालच्यांकडे असतं. साहेबांनी वृक्षारोपणाचा फोटो टाकला. त्यात रोप कुठं दिसत नव्हतं, साहेबांमागे मान उंचावून उभं असलेलं अख्खं कार्यालय दिसत होतं. तरी खाली 'लोकाभिमुख', 'कार्यतत्पर' अशी विशेषणं पडायला पाच मिनिटं लागली नाहीत. एकानं तर 'भावपूर्ण' लिहिलं. पुढचा शब्द त्यानं वेळीच आवरला, एवढंच.

पण खरी शिस्त अंगठ्याची. साहेबांनी 'शुभ सकाळ' टाकलं की नायब तहसीलदारांच्या आधी कुणी अंगठा उठवायचा नाही. मग आम्ही सहायक महसूल अधिकारी, म्हणजे पूर्वीचे अव्वल कारकून, मग मंडळ अधिकारी, मग तलाठी. (त्यांचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, गाव त्यांना भाऊसाहेबच म्हणतं.) नवा महसूल सहायक रुजू झाला आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या आधी त्यानं लाल बदाम टाकला. त्याला बोलावून तोंडी समज देण्यात आली. जुन्या जबाबांखाली 'निशाणी डावा अंगठा' असे, तो ज्याला सही येत नाही त्याचा. आता स्पर्धा परीक्षा देऊन आलेली माणसं दिवसभर दुसरं काही उठवत नाहीत.

२०१८मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं एका प्रकरणात व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली नोटीस निळ्या खुणांवरून पोचली असं धरलं. ही बातमी ग्रुपवर फिरली त्या संध्याकाळी आमच्या आवक-जावकच्या रावसाहेबांनी निळ्या खुणा बंद करून टाकल्या. टपाल येतं पण मिळत नाही, ही कला त्यांना टेबलावर साधलेली होतीच.

सगळ्यात अवघड प्रकरण बदलीचं. आदेश निघतो, कार्यमुक्ती होते, निरोप समारंभात शाल-श्रीफळ होतं. पण जुन्या साहेबांना ग्रुपमधून कार्यमुक्त कुणी करायचं? उद्या तेच प्रांत होऊन परत आले तर? म्हणून आमच्या ग्रुपवर आजी साहेब एक आणि माजी साहेब तीन आहेत. शुभ सकाळ चारदा होते, अंगठेही चारदा, आणि दरवेळी सेवाज्येष्ठतेनुसार.

परवा आजी साहेबांनी लिहिलं, 'मागील काळात फेरफाराची प्रकरणं मोठ्या प्रमाणात प्रलंबित ठेवल्याचं दिसून येतं.' मागील काळ ऑनलाइनच होता. ग्रुपवर मरणाची शांतता पसरली. रावसाहेबांनी मोबाईल उपडा ठेवला. मग मागील काळाचं उत्तर आलं, 'संबंधितांकडून तात्काळ खुलासा मागवावा.'

नायब साहेबांनी क्षणभर इकडंतिकडं पाहिलं आणि टाइप केलं, 'होय साहेब.' खाली आम्ही सगळ्यांनी ओळीनं तेच टाकलं. दोन्ही साहेबांनी त्यावर हात जोडले.