कत्तीपाराचा घाट

चेन्नईत घाट नाही. शहर इतकं सपाट की पावसाचं पाणीसुद्धा समुद्राकडे जायला राजी नसतं. २०१५ आणि २०२३ या दोन्ही सालच्या डिसेंबरात ते लोकांच्या घरांतच मुक्कामाला राहिलं होतं. खंबाटकी, कुंभार्ली, आंबा असे घाट बघत लहानाचं मोठं झालेल्या आमच्यासारख्यांना इथं गाडीचा दम कुठं जोखायचा, हा प्रश्न पडतो. त्याला उत्तर एकच, फ्लायओव्हर. त्यातही गिंडीजवळचा कत्तीपारा. २००८ साली खुला झालेल्या या पुलाच्या वळणावळणांवर भरलेली गाडी चढवली की तिच्या पोटात काय आहे आणि काय नाही ते लगेच कळतं.

माझ्या मेहुण्यांच्या पिकअपच्या पोटात काय होतं, ते कळायला मात्र पोंगलपासून अग्निनक्षत्राच्या उन्हाळ्यापर्यंतचा काळ जावा लागला.

मेहुण्यांचा धंदा बेदाण्याचा. तासगावहून माल सावकारपेठेत उतरतो, आणि तिथून पिकअपमधून गिंडी, तांबरम, पूनमल्लीकडच्या दुकानांत जातो. सावकारपेठेत सोनं-चांदी गाळणारी आमच्या विटा-आटपाडीकडची गलाईवाली मंडळी असल्यामुळे मेहुण्यांना तमिळ शिकायची निकड कधी वाटली नाही. ते सांगलीची हिंदी बोलतात, समोरचा चेन्नईची हिंदी बोलतो आणि व्यवहार पैशात होतो. पिकअप २०१८ सालची, डिझेलवरची, बीएस-फोर. कंपनीचं नाव सांगत नाही. दोष तिचा नव्हता हे पुढं सिद्ध झालं, आणि ते होईपर्यंत तिच्या सात पिढ्यांचा उद्धार आमच्या घरात करून झाला होता.

लक्षण असं. गाडी सावकारपेठेतून विनातक्रार निघायची. सेंट्रल, माउंट रोड, सैदापेट, सगळं सुरळीत. कत्तीपाराच्या चढाला लागली की अ‍ॅक्सिलरेटर तळाला आणि काटा विसावर. मग दोन आचके आणि शांतता. मागं सिटी बस, बसच्या मागं उरलेला दक्षिण भारत, आणि सगळ्यांचे हॉर्न. दहा मिनिटं थांबून किल्ली फिरवली की गाडी पहिल्याच झटक्यात चालू. तांबरमपर्यंत पुन्हा नाव नाही. कधी पाडीला, कधी बेसिन ब्रिजच्या चढाला, आणि कधी चार-चार दिवस कुठंच नाही.

कायमची बंद पडलेली गाडी हा सरळ व्यवहार आहे. ती ओढून न्यायची, पैसे मोजायचे, परत आणायची. अधूनमधून बंद पडणारी गाडी मात्र मालकालाच खोटं पाडते. गॅरेजच्या दारात ती इतकी शहाण्यासारखी चालते की मेकॅनिक गाडीऐवजी आपल्याकडे बघायला लागतो. ‘ओन्नुम इल्लै सार्’, म्हणजे काही नाही साहेब, हे वाक्य मेहुण्यांना एवढ्या गॅरेजांत ऐकायला मिळालं की त्यांचं तमिळ तिथूनच सुरू झालं.

पहिलं निदान ड्रायव्हरचं. दृष्ट. त्यावर इलाजही ठरलेला. सेंट्रलजवळ पल्लवन सालैवर बॉडीगार्ड मुनीश्वरनचं देऊळ आहे. नवी गाडी घेतली की अर्धी चेन्नई ती आधी या देवासमोर उभी करते. कडक देव आहे. भक्त चिरूट आणि दारूसुद्धा वाहतात. आम्ही नारळ आणि लिंबांवर भागवलं. चाकाखाली लिंबं चिरडली, कापूर लावला, आणि गाडी पुढचा आठवडा खरोखर कुठंही थांबली नाही. पुढच्याच खेपेला ती देवळापासून दोन सिग्नलवर थांबली. ड्रायव्हर म्हणाला, चिरूट द्यायला हवा होता.

दुसरं निदान मेहुण्यांचं, आणि ते निदान नव्हतंच, वैताग होता. गाडी जॉर्ज टाउनात तंबू चेट्टी रस्त्यावर थांबली तेव्हा ते स्टिअरिंगवर हात आपटून म्हणाले, “दाजी, महाराज सोळाशे सत्त्याहत्तरला घोड्यावरनं इथवर आले, ह्या कालिकांबाळच्या देवळात दर्शन घेतलं म्हणतात. एक घोडं बंद पडल्याचं कुठं वाचलंय का तुम्ही?” मी वाचलं नव्हतं. मागचा टेम्पोवाला मात्र इतिहास ऐकायच्या मनःस्थितीत नव्हता.

तिसरं निदान माझं. मी हिशेबनीस माणूस, पण खानापूर तालुक्यात वाढलेला. आमच्या विहिरीवर किर्लोस्करचं इंजिन होतं. खडकीला १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली, आणि पुढं महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याच्या पोराला मुळाक्षरांबरोबर एक गोष्ट आपोआप येऊ लागली: इंजिन आचके देतंय म्हणजे ‘एअर धरलंय’. डिझेलच्या नळीत कुठून तरी हवा शिरली की पंपाला डिझेलऐवजी हवाच मिळते. मग पान्यानं बोल्ट सैल करायचा, फेसाळ डिझेल वाहू द्यायचं, बुडबुडे थांबले की बोल्ट आवळायचा आणि मारायचं हँडल. मी हे सावकारपेठेत भर रस्त्यात मोठ्या तोऱ्यात सांगितलं. मेकॅनिक पोरगा विशीतला होता. त्यानं नम्रपणे सांगितलं की ही कॉमन रेल गाडी आहे. आतला दाब सोळाशे बारपर्यंत जातो. चालू इंजिनावर तिकडचा बोल्ट सैल केलात तर डिझेलची धार कातडीतून आत जाईल. मी हात खिशात घातले.

फिल्टर बदलला. डिझेल गाडीत संशय आधी फिल्टरवरच घ्यावा, हे बरोबरच आहे. खालच्या भांड्यात साठलेलं पाणी सोडून दिलं. थोडं पाणी निघालंही, आणि सगळ्यांचे चेहरे उजळले. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाशी बसतं, पंपात गेलं की घात करतं. २०२३ च्या डिसेंबरातल्या मिचाँग वादळात गाड्यांच्या टाक्यांत काय काय शिरलं असेल देव जाणे. सगळं पटण्यासारखं होतं. तिसऱ्या दिवशी कत्तीपारा.

मग स्कॅनरवाला आला. स्कॅनर लावला की माणसं बोलायची थांबतात. छोट्या पडद्यावर जे उमटेल ते वेदवाक्य. उमटलं ‘पी००८७’. म्हणजे रेलमधला दाब कमी. स्कॅनरवाल्यानं पडदा आमच्याकडे वळवला आणि त्याच श्वासात सांगितलं, हाय प्रेशर पंप गेला. त्यानं सांगितलेली किंमत मेहुण्यांनी विट्यात घेतलेल्या पहिल्या एम-एटीपेक्षा कितीतरी जास्त होती. पंप ठीक निघाला तर इंजेक्टर, इंजेक्टर ठीक निघाले तर प्रेशर सेन्सर, अशी त्याच्याजवळ उतरत्या किमतीची यादी तयार होती. चढत्या किमतीची यादी कुणाकडेच नसते, हे माझ्या हिशेबी डोक्यात तेव्हाच खटकलं. पडद्यावर एवढंच आलं होतं की डिझेल कमी पोचतंय. का पोचत नाही, हे यंत्र बोललंच नव्हतं. ते स्कॅनरवाला बोलला होता.

त्या रात्री मी रुडॉल्फ डिझेलबद्दल वाचत बसलो. या माणसानं १८९७ साली आउग्सबुर्गला आपलं इंजिन चालवून दाखवलं. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्याच्या तत्त्वावरचं एक छोटं इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चाललं. हे मी मेहुण्यांना सांगायला नको होतं, कारण त्यांनी लगेच शेंगतेलाचा घाऊक भाव काढला. आणि १९१३ च्या सप्टेंबरात इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवर रात्रीचं जेवण करून, सकाळी सव्वासहाला उठवा असं सांगून हा गृहस्थ आपल्या केबिनकडे गेला तो पुन्हा दिसलाच नाही. काही दिवसांनी समुद्रात प्रेत सापडलं. आत्महत्या, अपघात की घातपात, यावर लोक अजून भांडतात. निदान न झालेलं हे डिझेलचं पहिलं प्रकरण.

पंप बदलण्याआधी वायरमनचाही सल्ला घ्यावा असं ठरलं. त्याला वायरिंगखेरीज काही दिसणं शक्यच नव्हतं. त्याचं म्हणणं, क्रँक सेन्सर तापला की सिग्नल सोडतो, थंड झाला की धरतो. म्हणूनच दहा मिनिटांनी गाडी चालू होते. ऐकायला हे इतकं नेमकं होतं की मेहुणे भारावले. खरंही असतं असं, पुष्कळ गाड्यांत. ‘पण सेन्सर गेला तर इंजिन पटकन मरतं, आधी दम कशाला तुटेल?’ हा प्रश्न कुणी विचारला नाही. आम्ही पुदुपेट्टईला गेलो. कूवम नदीच्या काठच्या या बाजारात गाडीचा प्रत्येक अवयव सुटा मिळतो. दरवाजे, बंपर, गिअरबॉक्स, आख्खी इंजिनं दुकानाबाहेर रचून ठेवलेली. इथं सुटे भाग घेऊन एक गाडी उभी करता येईल, फक्त ती अधूनमधून बंद पडेल. सेन्सर घेतला, बसवला. गाडी छान चालली. नंतर बेसिन ब्रिज.

शेवटी कुणीतरी ओट्टेरीच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकचं नाव सुचवलं. गॅरेज म्हणजे एक पत्र्याचं छप्पर आणि एक बाकडं. त्यानं बॉनेट उघडलंच नाही. मेहुण्यांना बाकड्यावर बसवलं, मला चहा मागवला आणि ड्रायव्हरला समोर घेतलं. गाडी काय करते हे विचारलंच नाही. कधी करते, एवढंच विचारत राहिला. भरलेली असताना की रिकामी? सकाळी की दुपारी? टाकीत डिझेल किती असताना?

ड्रायव्हर सहज म्हणाला, टाकी फुल करून निघालो की त्या दिवशी कधीच थांबत नाही. अर्ध्याच्या खाली आली की थांबते.

मी भाषांतर केलं. मेहुणे बाकड्यावरून उठले. “मग हे सांगितलं का नाहीस इतके दिवस?” ड्रायव्हर म्हणाला, कुणी विचारलं नाही. ते खरंच होतं. आम्ही मुनीश्वरनला विचारलं, स्कॅनरला विचारलं, पुदुपेट्टईला विचारलं. जो माणूस रोज त्या सीटवर बसतो, त्याला फक्त शिव्या दिल्या होत्या.

म्हाताऱ्यानं टाकीचं झाकण उघडून कान लावला. झाकणातला हवेचा मार्ग बुजला तर टाकीत पोकळी धरते आणि उघडताना सुस्कारा ऐकू येतो. सुस्कारा आला नाही. मग त्यानं पाच लिटरचा कॅन सीटमागं बांधला, पारदर्शक नळीनं थेट फिल्टरला जोडला, आणि टाकीकडून येणारी नळी बंद केली. पेशंटला सलाईन लावून फिरवावं तशी आमची पिकअप कॅनमधलं डिझेल पीत ओट्टेरीहून कत्तीपारापर्यंत गेली, भरल्या मालानिशी पूल चढली, उतरली, पुन्हा चढली. दम तसूभर कमी झाला नाही. नळीत एक बुडबुडा नव्हता. याचा अर्थ पंप शाबूत, इंजेक्टर शाबूत, सेन्सर शाबूत. रोग टाकीच्या बाजूला.

टाकी उतरवून पालथी केली. थोडा गाळ, थोडं पाणी, आणि तळहाताएवढा पातळ प्लास्टिकचा तुकडा. मिचाँगच्या त्या आठवड्यात गोदामाच्या पोऱ्यानं कॅनमधून डिझेल ओतताना नरसाळं म्हणून बेदाण्याचं पाकीट कापून वापरलं होतं. तुकड्यावर ‘तासगाव’ ही अक्षरं अजून वाचता येत होती.

म्हाताऱ्यानं तो तुकडा आधी पाण्याच्या बादलीत टाकला, तरंगला. मग डिझेलच्या डब्यात टाकला. हळूहळू तळाला गेला. प्लास्टिक पाण्यापेक्षा हलकं, पण डिझेलपेक्षा जड. टाकी अर्धी झाली की डिझेल हिंदकळायचं, तळाचं प्लास्टिक उठायचं आणि ओढणाऱ्या नळीच्या चाळणीला चिकटायचं. चढावर इंजिन जास्त मागायचं, ओढ वाढायची, तुकडा आणखी घट्ट बसायचा. रेलमधला दाब पडायचा, स्कॅनर ते इमानदारीनं टिपायचा. इंजिन बंद झालं की ओढ संपली, तुकडा सुटून पुन्हा तळाला. म्हणून दहा मिनिटं. मेकॅनिकच्या दारात गाडी रिकामी आणि उभी, मग चिकटणार कशाला? तिनं आम्हाला कधीच खोटं पाडलं नव्हतं.

टाकी धुण्याची मजुरी सहाशे रुपये. या सगळ्या काळात टाकीवर कुणाचा संशय का गेला नाही, याचा मी पुष्कळ विचार केला, आणि मला एकच कारण सापडलं: टाकी धुण्यात कुणालाच कमिशन नाही. पंप विकता येतो, सेन्सर विकता येतो, लिंबूसुद्धा विकता येतं.

तेव्हा तुमचीही डिझेल गाडी चढावर दम सोडत असेल, बंद पडत असेल आणि दहा मिनिटांनी साळसूदपणे चालू होत असेल, तर पंपाची ऑर्डर देण्याआधी फिल्टर बघा, टाकीचं झाकण बघा, आणि जाणत्या मेकॅनिककडून वेगळ्या कॅनवर एकदा चालवून घ्या. कुणी नळीची चाळणीच काढून टाकू म्हणाला तर त्याला चहा पाजून निरोप द्या. चाळणी गेली की कचरा पुढं फिल्टरला जाऊन बसेल. आणि ड्रायव्हर ठेवला असेल, तर सगळ्यात आधी त्याला विचारा.