राजश्री सिंकराव, मुक्काम ढग

राजमान्य राजश्री ब्राउझर सिंकराव यांसी,
मुक्काम ढग, पोस्ट, तालुका, जिल्हा ठाऊक नाही.



पत्रास कारण की, गेल्या आठवड्यात आपण आमच्या घरातला एक जुना रहिवासी नाहीसा केलात. नाव ‘शेत दोन्हीकडचं’, जात बुकमार्कांचा फोल्डर, वय सहा वर्षं. आरोपी माझा पुतण्या, राहणार उदगीर. त्यानं तिकडं जुन्या टॅबवर बोट टेकवलं आणि इकडं भालकीत माझ्या फोनमधून, हॉलमधल्या कॉम्प्युटरमधून आणि हैदराबादेत मुलाच्या लॅपटॉपमधून तो फोल्डर चहा निवायच्या आत गेला. महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण. तीन राज्यांत एकाच वेळी एकच काम उरकल्याचं आमच्या भागातलं हे 1 नोव्हेंबर 1956 नंतरचं पहिलंच उदाहरण असावं.

ती तारीख आपल्याला ठाऊक नसेल, कारण ती कुणी बुकमार्क केलेली नाही. त्या दिवशी निजामाच्या जुन्या संस्थानातला बीदर जिल्हा तीन जागी फाटला. बीदर, भालकी, हुमनाबादकडचा मुलूख म्हैसूर राज्यात आला, उदगीर-निलंगा-अहमदपूर मुंबई राज्यात गेले, जहीराबाद-नारायणखेड आंध्रात. माझी आजी उदगीर तालुक्यातली आणि आजोबा भालकीचे. लग्न लागलं तेव्हा दोघं एकाच जिल्ह्याचे होते. पुढं आजीचं माहेर जागचं न हलता परराज्यात गेलं. आजीच्या वाट्याचा जमिनीचा तुकडा तिकडं राहिला, आजोबांचा इकडं. तेव्हापासून आमच्या घरात प्रत्येक गोष्टीच्या दोन प्रती असतात. त्या जुळवत बसणं हाच आमचा वंशपरंपरागत उद्योग आहे.

आता फोल्डरात काय होतं ते सांगतो. एक पत्ता कर्नाटकच्या ‘भूमी’चा. साधारण दोन कोटी पहाण्या, म्हणजे शेतजमिनीचे उतारे, संगणकावर चढवून इकडच्या सरकारनं त्या तालुक्याच्या खिडकीतून पंधरा रुपयांत हातात द्यायला सुरुवात केली, तेव्हा जगभर तिचं कौतुक झालं होतं. दुसरा पत्ता महाभूलेखचा, तिकडच्या सातबाऱ्यासाठी. तिकडं डिजिटल सहीच्या उताऱ्याचा दरही पंधरा रुपयेच होता. दर सारखा होता, बाकी काही नाही. पहाणी एकर-गुंठ्यात बोलते, सातबारा हेक्टर-आरमध्ये. पहाणी कन्नड लिपीत, सातबारा देवनागरीत. सातबाऱ्यावर आम्ही पाटील, पहाणीवर मालीपाटील. इकडं कागद हवा तर नाडकचेरी, तिकडं हवा तर सेतू. एकदा बँकेत दोन्ही उतारे ठेवले, तर साहेब म्हणाले, “हे दोन वेगळे इसम दिसतात.” मी म्हटलं, “साहेब, इसम एकच आहे, राज्यं दोन आहेत.”

सिंकराव, तुमचं खरं काम इथं होतं. दोन सरकारांत, दोन लिप्यांत, दोन मापांत विभागलेला एक माणूस जुळवून दिला असतात तर भालकीच्या बसस्टँडवर तुमचा पुतळा बसवला असता. पण तिथं तुम्ही पाय ठेवला नाहीत. तुम्ही जुळवलंत काय, तर माझं गुगलणं.

ती कहाणी फोल्डरच्या आधीची. आमच्या घरात सगळ्यांचं मिळून अकाउंट एकच. ते मोबाईलच्या दुकानदारानं पहिला फोन विकताना काढून दिलं. पुढं जे यंत्र घरात आलं त्यावर तेच टाकलं, कारण दुसरं काढायचं कसं ते कुणाला येत नव्हतं आणि एकत्र कुटुंबाला वेगळं अकाउंट शोभतही नाही. तुम्ही हे गृहीतच धरलं नव्हतंत. तुमच्या कल्पनेत माणूस एक आणि त्याची यंत्रं चार. आमच्याकडं अकाउंट एक, आणि त्यामागं माणसं पाच, एक शेजारी धरून.

तर एका रात्री मी अंथरुणात फोनवर गुपचूप शोधलं, ‘गुडघा बदलायचा खर्च’. सकाळी हॉलमध्ये हिनं गुळपोळीची जुनी पाककृती शोधायला ‘ग’ एवढंच टाइप केलं आणि तुम्ही खाली गुडघा मांडून ठेवलात. दुपारपर्यंत हैदराबादेहून मुलाचा फोन, आवाज भरलेला: “बाबा, मला सांगितलं का नाही?” त्याच्या लॅपटॉपवर कार्यालयाच्या बैठकीत माझा गुडघा सगळ्यांसमोर उघडला होता. पुतण्याचं तर त्याहून वाईट झालं. ‘मुलगी नाही म्हणाली तर काय करावं’ हे त्यानं उदगीरला विचारलं आणि उत्तर भालकीत त्याच्या काकूनं वाचलं. त्याच्या आईला कळायच्या आधी आमच्या हिनं बसवकल्याणहून एक स्थळ आणलंसुद्धा. रोटी-बेटी व्यवहार सीमेनं कधी थांबवला नव्हता, हे खरं; पण त्याला इतका वेगही कधी नव्हता.

बुकमार्क, इतिहास, पासवर्ड, उघडे टॅब, फॉर्म आपोआप भरणं, या प्रत्येकाला स्वतंत्र बटण असतं आणि नको ते बंद ठेवता येतं, हे मला गुडघ्यानंतर कळलं. इतिहास बंद केला. फॉर्म भरणं मात्र चालू राहिलं आणि त्यानं मुलाच्या, राज्यघटनेच्या कलम 371 जेच्या प्रमाणपत्राच्या अर्जात पत्ता भरला भालकीचा आणि पिन कोड उदगीरचा. आमचा पिन 585नं सुरू होतो, त्यांचा 413नं. हैदराबाद-कर्नाटकातला रहिवासी असल्याचा पुरावा मागणाऱ्या अर्जावर तुम्ही आम्हाला लातूर जिल्ह्यात नेऊन बसवलंत. सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणणारे लोक जे अर्जविनंत्या, मोर्चे, महाजन आयोग करून साधू शकले नाहीत ते तुम्ही एका ‘सेव्ह’मध्ये केलंत, याबद्दल वेगळा आभाराचा ठराव मांडायला हवा.

असो. फोल्डरकडं येतो.

पुतण्याला विचारलं, का पुसलास बाबा? तो म्हणाला, “काका, सगळं कन्नडात होतं. मला वाटलं व्हायरस.” यावर रागवायचं कसं ते मला सुचलं नाही. त्याच फोल्डरात आमच्या पणजोबांच्या नावाच्या निजामकाळातल्या उर्दू कागदाचा फोटो जिथं ठेवला होता त्याचा दुवा होता. 2 सप्टेंबर 2025ला महाराष्ट्र सरकारनं मराठ्यांच्या कुणबी नोंदींसाठी हैदराबाद गॅझेट लागू करायचा निर्णय काढला, तेव्हापासून हाच पोरगा दर रविवारी फोन करून विचारतोय की काका, आपली कुणबी नोंद निघते का बघा. उदगीर तेव्हा बीदर जिल्ह्यात होतं, कागद तुमच्याकडंच असणार. कागद होता, बाळा. तूच पुसलास.

आता मला सांगा, सिंकराव, दुसऱ्या तीन यंत्रांत तो फोल्डर धडधाकट असताना तुम्ही एका यंत्राचं ऐकून तिघांकडचा का मारलात? मी थोडी चौकशी केली. तुमच्या धंद्यात नुसतं पुसून भागत नाही. एका यंत्रानं पुसलेली नोंद दुसऱ्याकडं शिल्लक असते. ते बिचारं “ही घ्या, तुमच्याकडून राहिली वाटतं” म्हणून परत आणून देईल. म्हणून पुसलेल्या नोंदीच्या जागी तुम्ही एक खूण ठेवता. तिला तुमच्यात टूमस्टोन म्हणतात, म्हणजे थडग्याचा दगड. तो दगड घेऊन तुम्ही दारोदार फिरता आणि ज्याच्या घरी ती नोंद जिवंत असेल त्यालाही ती पुरायला लावता. दोघांचं म्हणणं वेगळं पडलं, तर बहुतेक वेळा शेवटी बोलला तो खरा.

थडग्यांची गोष्ट बीदरच्या माणसाला सांगू नये. बीदरजवळ अष्टूरला बहमनी सुलतानांची रांगच आहे. त्यात अहमदशहा, ज्यानं पंधराव्या शतकात राजधानी कलबुर्गीहून बीदरला हलवली. मुसलमान त्याला वली मानतात. अनेक लिंगायत भाविक त्यालाच संत अल्लमप्रभूंचा अवतार मानतात. उरुसाला दोघंही जातात. एकाच माणसाच्या दोन नोंदी, एकमेकींशी न जुळणाऱ्या, आणि जवळजवळ सहाशे वर्षं कुणालाही वाटलं नाही की यातली शेवटची ठेवावी आणि पहिली पुसावी. आमच्याकडं दगड ठेवतात तो आठवण राहावी म्हणून. तुमचा दगड सगळ्यांनी मिळून विसरावं म्हणून असतो.

सगळं एकाच जागी ठेवण्याचा धोकाही आम्हाला ठाऊक आहे. बहमनी वजीर महमूद गवानानं 1472मध्ये बीदरला मदरसा पुरा केला. तिथं तीन हजार ग्रंथ होते असं सांगतात. सतराव्या शतकाच्या अखेरीस त्या इमारतीत दारूगोळा साठवला होता, स्फोट झाला आणि दर्शनी भागाचा मोठा तुकडा उडाला. राहिलेल्या मिनारावरच्या निळ्या-हिरव्या फरशा अजून बघायला मिळतात, ग्रंथ नाहीत. उलट तिथून जवळच कल्याणमध्ये, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, बाराव्या शतकात उलथापालथ झाली, बसवण्णांचे अनुयायी शरण पांगले आणि त्यांच्याबरोबर त्यांची वचनंही पांगली. कुणाच्या मठात, कुणाच्या माळ्यावर, ताडपत्रांवर, पाठभेदांसकट. विसाव्या शतकात फ. गु. हळकट्टी ती गोळा करून छापू लागले तेव्हा गोळा करण्याइतकी ती उरली होती, कारण त्या घरांपैकी कुणीही दुसऱ्याशी सिंक केलेलं नव्हतं. बसवण्णांच्या काळी आपण असता, तर कल्याणमधल्या एखाद्या घाबरलेल्या माणसाचं एक बोट पुरलं असतं.

तुमच्या कुळाचा इतिहासही मी वाचला. 2007मध्ये मोझिलावाल्यांनी ‘वीव्ह’ नावानं हा प्रयोग सुरू केला. वीव्ह म्हणजे विणणं. नाव चांगलं होतं. 2011मध्ये तो फायरफॉक्समध्येच आला. पण मला जीव लागला तो एक्समार्क्स नावाच्या तुमच्या एका चुलत्याचा. तो या ब्राउझरचे बुकमार्क त्या ब्राउझरात नेऊन द्यायचा. तुम्ही बाकीचे आपापल्या कंपनीच्या हद्दीतच फिरता. फायरफॉक्समधलं क्रोमला आपणहून कळत नाही, क्रोममधलं सफारीला नाही. हा हद्द ओलांडणारा. तो 1 मे 2018ला, ऐन महाराष्ट्र दिनी, बंद पडला. सीमाभागातल्या माणसाला यात काही योगायोग वाटत नाही.

तेव्हा आमच्या मागण्या फार नाहीत. तुम्ही सिंक आहात, बॅकअप नव्हे, हे चालू करायच्या बटणावरच ठळक मराठीत आणि कन्नडात लिहावं. आत्ता तिथं ‘सगळीकडे तुमच्यासोबत’ अशा अर्थाचं काहीतरी गोड लिहिलेलं असतं. एक फोल्डर चार यंत्रांतून एका बोटानं जाणार असेल तर निदान उरलेल्या तिघांना विचारावं; आमच्याकडं गुंठाभर जमीन विकायची तरी सगळ्या वारसांची सही लागते. आणि माझ्यासारख्यांना एवढं सांगावं की बुकमार्क एचटीएमएल फाईलमध्ये काढून पेनड्राइव्हवर टाकता येतात, ही सोय तुमच्यापेक्षाही जुनी आहे. ती मला त्याच पुतण्यानं दाखवली, पुसल्यानंतर दोन दिवसांनी.

‘भूमी’ आणि महाभूलेख मी पुन्हा शोधून लावले. तुरीचे भाव बघायची पानंही लावली; कलबुर्गीच्या तुरीला 2019मध्ये जीआय मानांकन मिळालंय खरं, पण पोतं कलबुर्गीला घालायचं, लातूरला की उदगीरला, ते सकाळच्या भावावर ठरतं. सगळे पत्ते मी एका दोनशे पानी वहीत शाईनं उतरवून ठेवलेत. वही भालकीत आहे. दुसरी उतरवून उदगीरला धाकट्या भावाकडं दिली. दोन्हींत फरक आहे: त्याच्या वहीत एक दुवा चुकलाय आणि माझ्या वहीत एक राहिलाय. असू दे.

पणजोबांच्या कागदाचा दुवा मात्र आठवत नाही. लोभ असावा ही विनंती.

आपला,
पाटील (पहाणीप्रमाणे मालीपाटील), भालकी

ता. क. फोटो जिथं ठेवला होता तिथं शिरायला पासवर्ड बदलावा लागतोय आणि त्याचा ओटीपी जातोय त्या मोबाईल दुकानदाराच्या नंबरवर, कारण अकाउंट काढताना त्यानं स्वतःचाच नंबर टाकला होता. दुकान बंद होऊन चार वर्षं झाली. तिथं आता उसाच्या रसाचा गाडा लागतो. दुकानदार हुमनाबादकडं गेला असं कुणी म्हणतं, कुणी म्हणतं उमरग्याला. वाचकांपैकी कुणाला तो भेटला, तर त्याला म्हणावं, फोनवर सहा आकडे येतील, तेवढे कळव.