संदर्भतात्या

तात्यांना 'बरं आहे ना?' विचारलं, तर ते आधी 'कशाच्या तुलनेत?' असं विचारतात.

इंदापूरहून बारामतीला एसटीनं अप-डाउन करणारा आणि ग्रंथालयात नोकरी करणारा असा एक इसम तुमच्याही पाहण्यात असेल. खिशाला दोन पेनं, कपाळावर चष्मा आणि साथीच्या रोगांवर अतोनात प्रेम. (म्हणजे रोगांवरच्या कागदांवर. डास दिसला की तात्या मच्छरदाणीत.)

डॉक्टरकीची एखादी पोरगी प्रबंधासाठी येते. "सर, डेंग्यूवर काहीतरी द्या ना."

"काहीतरी वाण्याकडं मिळतं. मोठी माणसं की लहान मुलं? प्लेटलेट हव्यात की मृत्यू? कुठल्या सालानंतरचं?"

"'पार्क'च्या पाठ्यपुस्तकात आहे, सर."

"पार्क परीक्षेला. प्रबंधाला मूळ पेपर."

ती रडकुंडीला आली की तात्या स्वतः पबमेड उघडतात. शब्द जोडत-गाळत हजारोंचे चाळीसेक पेपर उरवतात आणि मग एकेकाची झडती. रुग्ण किती? निवडले कसे? पैसा कुणी दिला? पेपर ते शेवटून वाचतात, कारण हितसंबंधांची कबुली तिथं बारीक टायपात असते.

"पण सर, पबमेडमध्ये आहे म्हणजे खरंच असणार ना?"

"पबमेड म्हणजे सातबारा. नाव लागलंय एवढंच कळतं." मग लॅन्सेटची गोष्ट. २०२० च्या मे महिन्यात हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवर बडा पेपर छापला आणि जूनमध्ये मागे घेतला, कारण सर्जिस्फिअर कंपनीकडचे मूळ आकडे तपासायलाच मिळेनात. ही गोष्ट तात्यांनी लासुर्णे ते भवानीनगर इतक्यांदा सांगितलीय, की कंडक्टरही आता 'सर्जिस्फिअर' बिनचूक म्हणतो.

त्याच वर्षी कोंबडीतून कोरोना होतो असे मेसेज फिरले आणि पोल्ट्रीवाले आडवे झाले. तात्यांनी प्रत्येक मेसेजला 'कोणते डॉक्टर? कुठं छापलंय?' असं उत्तर धाडलं. तीन ग्रुपांतून त्यांना काढलं. चौथ्याचे ते स्वतःच ॲडमिन होते.

पण तात्या खरे खुलले ते २०२१ च्या जुलैअखेरीस. पुरंदरातल्या बेलसरला राज्यातला पहिला झिकाचा रुग्ण सापडला. स्टँडवर जो तो म्हणू लागला, आफ्रिकेतला रोग आला.

"आला?" तात्या म्हणाले. "१९५४ चा पेपर वाचा. स्मिथबर्न, कर आणि गटणे."

"गटणे?"

"पु.लंचा नव्हे. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरचा. आताची एनआयव्ही. आपल्या लोकांच्या रक्तात झिकाची प्रतिपिंडं तेव्हाच सापडली होती."

"म्हणजे झिका इथलाच, जुना?"

एवढं म्हणायचा अवकाश, तात्या उसळले. "असं कोण म्हणतंय? झिका, डेंग्यू सगळे एका कुळातले. एकाची प्रतिपिंडं दुसऱ्याच्या चाचणीत घुसतात. त्या पेपरवरून छातीठोक काही सांगता येत नाही."

"मग सांगितलात कशाला?"

"तुम्ही वाचावा म्हणून!"

तोवर इंदापूरची गाडी निघून गेली होती. तात्यांना पर्वा नव्हती. ज्यांनी प्रश्न विचारला, त्यांना होती.

परवाच्या पावसाळ्यात तात्या स्वतःच तापानं पडले. डॉक्टर म्हणाले, डेंग्यू. तात्या पांघरुणातून म्हणाले, "एनएस-वन की आयजीएम?"

"आयजीएम निगेटिव्ह आहे, एनएस-वन पॉझिटिव्ह."

"बरोबर. तापाच्या दुसऱ्या दिवशी आयजीएम प्रतिपिंडं कुठून येणार?" आणि समाधानानं डोळे मिटले.

संध्याकाळी काकू पपईच्या पानांचा रस घेऊन आल्या. तात्या उठून बसले. "यावर पेपर आहेत. पण रुग्ण थोडे, आणि प्लेटलेट आपोआपही चढतात..."

"तोंड उघडा."

तात्यांनी उघडलं. तिसऱ्या दिवशी प्लेटलेट चढल्या. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते बजावत होते, "रुग्ण एकच. तुलनेला कुणी नाही. निष्कर्ष काढू नका."

काकू तेव्हा शेजारच्या तीन घरांत पपईची पानं वाटायला गेल्या होत्या.