दिवा, कोपर, डोंबिवली

ज्याने डोंबिवलीत पंधरा वर्षे बिऱ्हाड केले आणि मुंबईत चाकरी केली, त्याला उभ्याने झोपण्याची विद्या कोणी शिकवावी लागत नाही. एका हाताने वरची कडी धरावी, दुसऱ्या हाताने छातीवरची पिशवी कवटाळावी, देहाचा अर्धा भार स्वतःच्या पायांवर व उरलेला शेजारच्या अनोळखी गृहस्थाच्या खांद्यावर सोपवून मुलुंडपासून निर्धास्त डुलकी घ्यावी आणि दादर येण्यापूर्वी अर्धे मिनिट, कोणत्याही घड्याळाच्या साहाय्याविना, आपसूक जागे व्हावे, इतपत योगसिद्धी माझ्या पदरी लग्नापूर्वीच जमा होती. त्यामुळे कन्यारत्न झाल्याचे वर्तमान कळताच ज्येष्ठ मित्रांनी ‘आता झोप विसर’ असा इशारा दिला, तेव्हा मला त्यांची कीव आली. आठ-एकोणीसच्या गर्दीला जी झोप हिरावून घेता आली नाही, ती तीन किलोंचा एक जीव काय हिरावून घेणार! ही माझी समजूत बोरीबंदरलाच खोटी ठरली.

बोरीबंदर हा शब्द येथे कालवाचक आहे, याचा खुलासा केला पाहिजे. 2017 सालापासून कायद्याने प्रसूतीची रजा 26 आठवड्यांची झाली आहे; आणि बोरीबंदरापासून कल्याणपर्यंत धिम्या गाडीची स्थानकेही, दोन्ही टोके धरून, बरोबर 26 भरतात. हा योगायोग माझ्या पत्नीने हेरला. ती स्वतः डोंबिवली-ठाणे अशी वारकरी. शेवटचा महिना घरून काम करून तिने रजेचा प्रत्येक आठवडा कृपणाच्या मोहरेसारखा राखून ठेवला होता. तेव्हापासून आमच्या घरी मुलीचे वय दिवसांत वा महिन्यांत न मोजता स्थानकांत मोजण्याचा शिरस्ता पडला. तिने मान प्रथम थोडी सावरली ती माटुंग्याला, हुंकार दिला तो कुर्ल्याला. डॉक्टरांनी सहा महिने आईच्या दुधावाचून काहीही देऊ नका असा हुकूम फर्मावल्यामुळे, माझ्या आईने कोकणातून मागवलेली सहाण आणि तिच्यावर उगाळायची मुरुडशेंग, वेखंड, जायफळ, हिरडा ही सारी सामग्री फडताळात कुलूपबंद झाली, व उष्टावण कल्याणला करावे असे उभयपक्षी ठरले. कल्याणला आईचे कल्याण संपून पुन्हा कचेरी सुरू होते, हे मात्र कोणी बोलून दाखवीत नाही.

पहिले बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी, म्हणजे ठाण्यात, तलावपाळीपासून हाकेच्या अंतरावर झाले. पाचव्या दिवशी सासूबाईंनी सटवाईची पूजा मांडली आणि पाटावर कोरा कागद व लेखणी ठेवली, कारण रात्री सटवाई येऊन बाळाच्या भाळी त्याचे प्राक्तन लिहिते. माझी दरखास्त एवढीच होती की देवीने वाटल्यास विद्या कमी लिहावी, पण खिडकीची जागा लिहावी. सकाळी कागद कोराच होता. सासूबाई म्हणाल्या, ती अक्षरे माणसांना दिसत नाहीत. तसे तर डॉक्टरांचेही कोणाला दिसत नाही.

या मुक्कामातील एक दुष्कृत्य कबूल करतो. बाळंतिणीला डिंकाचे आणि हळिवाचे लाडू, शेपूची भाजी, तुपात भिजलेला मऊ भात आणि जेवणानंतर बाळंतशोपा असा बंदोबस्त होता. तिखटाचे नाव काढण्याची सोय नव्हती. आठवडाभर तेच पदार्थ कौतुकाने खाल्ल्यावर एका शनिवारी मी ‘जरा पाय मोकळे करून येतो’ असे सांगून बाहेर पडलो, आणि जुन्या मामलेदार कचेरीच्या शेजारामुळे जिला मामलेदार हे नाव पडले, त्या मिसळीपुढे जाऊन रुजू झालो. घाम पुसत, दोन चिमटी बडीशेप चघळत परत आलो. पत्नीने मुलीला थोपटता थोपटता एकदाच माझ्या दिशेने श्वास घेतला आणि अत्यंत शांतपणे विचारले, “तर्री मध्यम घेतलीस की तिखट?” त्या प्रश्नातील करुणरस मला आजही विसरता येत नाही. अद्याप तिची एक मिसळ मजकडे येणे आहे.

ठाण्यात मुलगी रात्रभर जागत असे. ओवा-वावडिंगाची धुरी झाली, टाळू भरून झाली, मालीशवाल्या मावशींनी दृष्ट काढून मिरच्या जाळल्या व त्यांचा ठसका न आल्यामुळे दृष्ट जबर असल्याचा निर्वाळा दिला. निद्रादेवी प्रसन्न होईना. पुढे परळला, म्हणजे सव्वा महिना उलटल्यावर, आम्ही तिला डोंबिवलीस आणले. आमचे घर लोहमार्गाला इतके लगटून आहे की फलाटावरची घोषणा आम्हांला दूरदर्शनवरच्या बातमीहून स्पष्ट ऐकू येते. आता या गदारोळात पोरीचे कसे व्हायचे, या चिंतेने दोन्ही आज्या खिडक्या लावीत असतानाच एक बदलापूर जलद खडखडत गेली, आणि जिने तलावपाळीच्या शांततेत सहा आठवडे आकांत केला, ती मुलगी मूठ उघडून, ओठ विलग करून गाढ झोपी गेली.

यामागची उपपत्ती पत्नीने सांगितली. गरोदरपणी आठ महिने ती लोकलने प्रवास करीत होती; तिचे एक डोहाळजेवण तर महिलांच्या डब्यातच झाले होते, फुलांच्या वाडीसह आणि ओटीसह, दिव्यापासून कळव्यापर्यंत. अभिमन्यूने जसा गर्भात चक्रव्यूह ऐकला, तशी हिने लोकल ऐकली. हे साम्य मला फार पटले, कारण अभिमन्यूलाही आत शिरण्याचीच युक्ती ठाऊक होती, बाहेर पडण्याची नव्हती. आणि ठाण्याला उतरू पाहणाऱ्या प्रत्येक प्रवाशाची संध्याकाळी तीच अवस्था असते.

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदराहून पहिली आगगाडी ठाण्यास आली तेव्हा 14 डबे आणि 400 पाहुणे ओढण्यासाठी साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिने जुंपली होती. आमच्याकडे एका दुपट्यात मावणारी प्रवासी ओढण्यासही तीन लागतात. सुलतान कोण, या प्रश्नावर दोन्ही आज्यांमध्ये अद्याप मसलत चालू आहे. मी गार्डाचा डबा: सर्वांत मागे जोडलेला, हातात झेंडीऐवजी लंगोट, आणि गाडी कोठे चालली आहे ते सर्वांत शेवटी कळणारा.

विद्याविहारचा रविवार उजाडला आणि अनर्थ झाला. कोठल्याशा पुलाच्या तुळया बसवायच्या होत्या, म्हणून दुपारचे काही तास सर्व मार्ग बंद ठेवण्यात आले. सुटीच्या दिवशी कोठे जायचे नसल्याने मला त्या वार्तेचे सोयरसुतक नव्हते. परंतु साडेअकराला शेवटची गाडी गेली, रूळ निमाले, समोरच्या पिंपळावरचे कावळेदेखील वेगळेच ऐकू येऊ लागले, आणि पाळण्यातून जो टाहो उठला तो ठाकुर्लीपर्यंत पोचला असावा. पाळणा हलवून झाला, पंखा वाढवून झाला. भ्रमणध्वनीवर गाडीच्या आवाजाची ध्वनिफीत लावली, तिच्यात मध्येच जाहिरात आली. आई म्हणाली, “रामरक्षा म्हण.” मी म्हटली, अर्ध्यावर अडखळलो, कारण पंधरा वर्षांत मला अखंड पाठ असे एकच स्तोत्र उरले होते.

मग मी तेच म्हटले. मुलीला खांद्यावर घेतले, पाठीवर रुळांच्या सांध्यांची लय धरली आणि दिवाणखान्याच्या दारापासून स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत धिमी गाडी सोडली: बोरीबंदर, मस्जिद, सँडहर्स्ट रोड, भायखळा. प्रत्येक स्थानकाला थोडे थांबणे, एक हलका हिसका, पुन्हा प्रस्थान. चिंचपोकळीला तिने रडे आवरून माझ्या तोंडाकडे पाहिले; या नावातला नाद इतकी वर्षे तेथून जाऊन माझ्या कधी ध्यानी आला नव्हता. दादरला मी सवयीने अंग चोरले. विद्याविहार ऐकून आईला निदान एक तरी नाव शुभ वाटले. भांडुपच्या ‘प’ला ओठ मिटतात हे पाहून मुलीनेही मिटून पाहिले. ठाण्याला जरा अधिक वेळ थांबलो, तेथे आजोळ आहे. कळवा, मुंब्रा, आणि मग आवाज खाली, अगदी खाली आणून, दिवा. डोळे मिटले. कोपर आणि डोंबिवली मी निव्वळ ओठांनी म्हटली.

त्यानंतर गाड्या वेळेवर धावू लागल्या तरी तिला तो खडखडाट पुरेना. रोज रात्री साडेनऊला माझी गाडी सुटू लागली. मुलगी कधी नाहूरलाच पेंगे, कधी कल्याण गाठूनही टक्क जागी असे व गाडी उलट्या क्रमाने परत न्यावी लागे. पण बहुधा दिव्याला काम फत्ते होई, आणि आपण एका जिवाला केवढी शिस्त लावली, या अभिमानाने मी फुगत चाललो होतो.

परवा, नाहूरच्या आठवड्यात, कचेरीत उशीर झाला. धिमी कल्याण मिळाली, मुलुंडला चक्क बसायला जागा मिळाली. कळवा गेले, मुंब्रा गेले, आणि त्या यांत्रिक बाईंनी शांत स्वरात पुढील स्थानक दिवा असल्याचे उच्चारले. एवढेच मला आठवते. पुढचे आठवते ते खांद्यावर पडलेला हात, रिकामा डबा, बाहेर ‘कल्याण’ अशी पाटी आणि काळ्या कोटातील तिकीट तपासनीस.

पासाची हद्द डोंबिवली. मी कैफियत मांडली, सबंध मांडली: तुळयांपासून चिंचपोकळीपर्यंत. त्यांनी ती न्यायाधीशाच्या गांभीर्याने ऐकून घेतली आणि पावतीपुस्तक उघडले. भाडे पाच रुपये, दंड अडीचशे.

“मुलगी केवढी आहे, साहेब?”

“नाहूर,” मी म्हणालो, आणि सावरून घेतले, “म्हणजे चार महिन्यांची.”

त्यांनी पावती फाडली, कार्बनखालची प्रत नीट दिसते ना ते उजेडात धरून पाहिले, आणि माझ्या हातात देत म्हणाले, “दिव्याला झोपते म्हणजे सुखी आहात. आमचा कसाऱ्यापर्यंत जागा असायचा.”