हीटरराव

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन, मिशिगन, ओहायो या थंड पट्ट्यात कुठल्याही छोट्या विमानतळावर जा, हँगरच्या रांगेत एक तरी हीटरराव भेटतातच. साठीच्या अलीकडे-पलीकडे वय, शर्टाच्या खिशात टॉर्च, बोटांवर इपॉक्सीचे न निघणारे चट्टे. लॅन्सेअरच्या जातीचं, फायबरचं, भन्नाट वेगाचं विमान त्यांनी स्वतःच्या गराजमध्ये बांधलेलं असतं. अशा विमानाचं निम्म्याहून जास्त काम हौशी माणसानेच केलेलं असावं, असा तिथला सरकारी नियम. हीटररावांना तो जरा अपमानास्पद वाटतो. उरलेलं तरी दुसऱ्याने का करावं?

(आपल्याकडे अमोल यादवांनी कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं, 2016 साली ते मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी पाहिलं. पण त्यांचं घोडं अडलं ते परवानगीच्या कागदांपाशी. कांदिवलीत बर्फ फक्त मासळीबाजारात.)

विमान बांधणारे पुष्कळ आहेत. पंखांवरचा बर्फ विजेने वितळवायला निघालेले हीटरराव ही त्यांतली पोटजात. ढगातले काही थेंब शून्याच्या खाली जाऊनही पाणीच राहतात आणि पंखाची पुढची कड लागली की जागच्या जागी गोठतात. वजन वाढतं ते वेगळंच. खरा घात होतो पंखाच्या घाटाचा. घाट बिघडला की पंख विमान उचलेनासा होतो. यावर जुने उपाय आहेत. 1930च्या दशकापासून रबराचे 'बूट' आहेत, हवेने फुगून बर्फ फोडणारे. पंखाच्या बारीक छिद्रांतून ग्लायकॉल झिरपवण्याची युक्तीही आहे. हीटररावांच्या मते बूट कुरूप आणि ग्लायकॉल गळकं. वीज कशी, स्वच्छ! कडेवर ग्राफाइटची कागदासारखी पातळ पट्टी चिकटवायची, बटण दाबायचं, झालं.

झालं म्हणजे सुरू झालं. त्यांच्या विमानातला मूळचा अल्टरनेटर 14 व्होल्ट, 60 अँपिअरचा, म्हणजे धड एक किलोवॉटही नाही. पंख तापवायला कित्येक किलोवॉट लागतात. चाळीतल्या एका वायरवर गीझर, इस्त्री आणि मिक्सर एकदम लावावा तशी गत. मग पट्ट्यांसाठी 70 व्होल्टचा दुसरा अल्टरनेटर आला. तो इंजिनापाशी बसल्याने नाक जड झालं, म्हणून बॅटरी शेपटीकडे गेली. बॅटरी मागे गेली म्हणून जाडजूड केबल आली, केबलने वजन वाढलं, म्हणून मागच्या सीटची गादी पातळ केली. मागच्या सीटवर त्यांच्या पत्नी बसतात.

एवढं करून खरोखरीचा बर्फ एकदा भेटला. कडेवरचा वितळला, पाणी मागे वाहिलं आणि जिथे पट्टी संपते तिथे पुन्हा गोठलं. बर्फ गेला नव्हता, त्याने बिऱ्हाड बदललं होतं. हीटरराव तत्काळ मागे फिरून, उंची सोडून, उबेच्या थरात उतरले आणि ही हकिकत ते यंत्राचा विजय म्हणून सांगतात. तसं पाहिलं तर बरोबरच आहे. बर्फात उडण्याचा परवाना मिळवायला कारखान्यातल्या विमानाला कडक चाचण्या द्याव्या लागतात. घरच्या विमानाने त्या दिलेल्या नसतात. पट्टी असते ती ढगातून बाहेर पडण्यापुरता वेळ मिळावा म्हणून. हे हीटररावांना पक्कं ठाऊक असतं, फक्त पाहुण्यांसमोर ते जरा उशिरा आठवतं.

त्यांचा खरा हंगाम जुलै. ऑशकॉशला दरवर्षी हौशी वैमानिकांची जत्रा भरते, तिथे ते विमान मांडून उभे असतात. "हात लावून बघा, पंख तापतो!" लोक हात लावतात. जुलैच्या उन्हात पंख तापलेलाच असतो. इपॉक्सी उन्हाने मऊ पडू नये म्हणूनच तर असली विमानं पांढरी रंगवतात. पण हीटरराव बटण दाबतात, मान डोलावतात आणि विचारतात, "फरक जाणवला?" सभ्य माणसं हो म्हणतात.

हिवाळ्यात मात्र ते स्वतःचं ब्लडप्रेशर बघत नाहीत इतक्या वेळा शून्य अंशाची पातळी कुठे आहे ते बघतात. वर गेलेले वैमानिक बर्फाच्या चार प्रती कळवतात: ट्रेस, लाइट, मॉडरेट, सिव्हिअर. हीटररावांना आपलं यंत्र तपासायला अगदी नेमका, लाइटपेक्षा कमी पण ट्रेसपेक्षा जास्त बर्फ हवा असतो. तसा तो कधी कळवला जात नाही. मॉडरेट ऐकलं की ते हँगरचं दार लावतात. यंत्र नसलेला पोरसवदा वैमानिक "बघू जमतंय का" म्हणून इंजिन चालू करतो. त्याला हँगरमध्ये कोंडून ठेवणारेही हेच.

नाताळला लेकीकडे शिकागोला जायचं, तर मोटारीने जातात. वाटेत मागची काच धूसर होते. पत्नी बटण दाबतात, काचेतल्या बारीक तारा तापतात, दोन मिनिटांत काच स्वच्छ.

"हे कितीला पडलं?" त्या विचारतात.

हीटरराव आरशात एकदा नीट पाहून घेतात. "काच उडत नाही," ते म्हणतात आणि हायवेचं पुढचं वळण पत्नीने विचारायच्या आत सांगतात.